नातीच्या लग्नातले अकरा सेकंद

माझे वडील मागच्या हिवाळ्यात पिंपरीतल्या राहत्या घरी वारले. वय अठ्ठ्याऐंशी. सकाळचा चहा झाला होता, पेपर अर्धा वाचून झाला होता. त्यांच्याविषयी आमच्या भागात एक गोष्ट सांगितली जाते. ती चांगली आहे, पण जशी सांगतात तशी घडलेली नाही. ती घडली त्या दिवशी मी तिथे होतो, म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही मुलं त्यांना दादा म्हणायचो, पुढे सगळी वस्तीच म्हणू लागली. जालन्याकडच्या एका गावातून ते विशीच्या आत इकडे आले. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले, पत्र्याच्या एका खोलीत सहा जणांबरोबर राहिले. नंतर एका मोठ्या कंपनीत इन्स्पेक्शनला घेतलं, तिथूनच ते निवृत्त झाले. मशीनवरून आलेल्या भागाचं भोक गेजने तपासायचं, हे काम. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर भाग पास, नाहीतर त्यावर लाल ठिपका. ऑपरेटर गयावया करायचे, एवढ्याने काय बिघडतं म्हणायचे. दादा वाद घालायचे नाहीत. गेज त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः घालून बघ म्हणायचे.

कंपनीबाहेर ते बौद्धाचार्य होते. म्हणजे आमच्या समाजातली लग्नं लावायचे, नामकरणाला आणि मयतीलाही जायचे. शिबिर करून ते शिकले होते. चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी हे केलं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कापडी पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती, पांढरा दोरा आणि वंदनेची पुस्तिका. पाकीट घ्यायचे नाहीत, जेवून यायचे.

पत्रिकेवरची वेळ ते अक्षरशः पाळायचे. याला तत्त्व कमी आणि अडचण जास्त कारणीभूत होती. कंपनीची सुटी गुरुवारी असायची आणि लग्नं रविवारी. दुपारी तीनला दुसरी शिफ्ट लागायची. निघोज्यातल्या एका लग्नात नवरदेव मित्रांबरोबर गेटावर नाचत राहिला. ठरलेली वेळ झाली तशी दादांनी माईक हातात घेऊन वंदना सुरू केली. नवरदेवाचा मामा धावत आला. दादा, नवरदेव बाहेर हाय अजून, म्हणाला. दादांनी माईकवर हात ठेवला. "लग्न त्याचंच आहे, भाऊ. यायचं असलं तर येईल तो." नवरदेव आला, फेटा काखेत होता.

प्रत्येक लग्नाआधी ते दोन्ही पक्षांकडून वधूवरांची पूर्ण नावं लिहून घ्यायचे. ती चिठ्ठी पुस्तिकेला टाचलेली असायची. नाव चुकलं तर लग्नच चुकलं, असं त्यांचं म्हणणं. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातही त्यांनी चिठ्ठी टाचली होती. आम्ही हसलो होतो.

माझी मुलगी त्यांची एकुलती नात. तिच्या शाळेच्या दिवसांत आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीवर असायचो आणि ती दादांजवळ. डबा, शाळेची बस, वह्यांची कव्हरं सगळं त्यांच्याकडे होतं. तिसरीत असताना ती व्हर्नियर कॅलिपरने पेन्सिलींची जाडी मोजायची. आता ती चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. "लग्न आजोबा लावतील. नाहीतर कोर्टात जाऊ, दोन सह्या करू आणि मिसळ खाऊ."

अडचण अशी होती की तोवर दादांचं विसरणं सुरू झालं होतं. गॅस बंद केला का हे ते चार वेळा विचारायचे. शेजाऱ्याला त्याच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचे. घरात सगळ्यांनाच बाळा म्हणायला लागले होते, मलाही. डॉक्टरांनी हे वाढत जाईल असं सांगितलं होतं. तीनशे माणसांसमोर, माईकवर, स्वतःच्या नातीच्या लग्नात ते अडखळले तर काय, हा प्रश्न माझ्यापुढे होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेल्या माणसाचं ते हसं झालं असतं.

मी दोन गोष्टी केल्या. महिनाभर रोज सकाळी त्यांच्यासमोर पुस्तिका घेऊन बसलो. त्रिशरण, पंचशील, मंगलगाथा, वधूवरांच्या प्रतिज्ञा हे सगळं ते पाठ म्हणायचे आणि मी ओळीवर बोट ठेवून तपासायचो. एकही चूक निघाली नाही. दुसरी गोष्ट त्यांना न सांगता केली. दादांनीच तयार केलेला एक तरुण बौद्धाचार्य भोसरीत आहे, सीएनसी मशीन चालवतो. त्याला पांढऱ्या कपड्यांत येऊन पहिल्या रांगेत बसायला सांगितलं. वेळ पडली तर पुढे यायचं. तो म्हणाला, येतो, पण दादांच्या हातून माईक काढून घेणार नाही, ते तुम्ही करा.

लग्नाच्या सकाळी मी दोन्ही नावं लिहिलेली चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली आणि परत दिली.

"नातीच्या नावाला चिठ्ठी? लोकं काय म्हणतील?"

मी आग्रह केला नाही. ही चूक माझीही आहे.

चाकणजवळच्या कार्यालयात ठरल्या वेळी लग्न सुरू झालं. वंदना झाली. पाली गाथा त्यांनी एका लयीत म्हटल्या. नवऱ्या मुलाचं पूर्ण नाव घेतलं. ते महिनाभरात नव्याने पाठ केलेलं होतं, स्वच्छ आलं. पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, अशा त्याच्या पाच प्रतिज्ञा झाल्या. मग दादा वधूकडे वळले. "आता वधू," म्हणाले आणि थांबले.

मोबाइलवरच्या चित्रीकरणात ही शांतता अकरा सेकंदांची आहे. दादा तिच्याकडे बघत आहेत. माईक तोंडाजवळ आहे. पहिल्या रांगेतला तरुण खुर्चीच्या कडेवर आला आहे. मी उठून उभा राहिलेला दिसतो, पण पुढे गेलेलो नाही.

मग दादांनी माईक तिच्यापुढे धरला. "नाव तुझं आहे, बाळा. तूच सांग सगळ्यांना."

तिने सांगितलं. स्वतःचं, मग आईचं, मग माझं, मग आडनाव. मागच्या रांगांतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. लग्न पुढे सरकलं.

जेवणाच्या पंगतीत तोच विषय होता. वधूने आपलं नाव आपल्या तोंडाने सांगायचं, आईच्या नावासकट, आणि ही पद्धत दादांनी काढली. एक बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, आमच्या वेळी कुणी विचारलं सुद्धा नाही हो, मान खाली घालून उभ्या होतो.

आठवड्याने तो तरुण घरी आला. त्याच्या हातून पुढच्या रविवारी एक लग्न होतं आणि वधूकडच्यांनी दादांच्या पद्धतीने लावा असं सांगितलं होतं. तो माझ्याकडे बघत चाचरत विचारू लागला. दादांनी त्याला मध्येच थांबवलं.

"पद्धत कसली? मला नाव आठवलं नाही, म्हणून विचारलं. पण ऐकायला बरं वाटलं. तू तसंच ठेव. कुणी कारण विचारलं तर खरं सांग."

त्यानंतर त्यांनी लग्न लावलं नाही. पिशवी त्या तरुणाकडे दिली. पुढची तीन वर्षं ते सकाळी दारात बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला बाळा म्हणायचे. नात आली की तिचा हात धरून ठेवायचे. शेवटच्या वर्षी ती कोण हे त्यांना कधी सांगता यायचं, कधी नाही.

वारल्यानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. समाजातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने भाषणात सांगितलं की स्त्रीच्या स्वाभिमानाचा सखोल विचार करून दादांनी ही प्रथा सुरू केली. माझं बोलणं पुढे होतं. तो तरुण माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "राहू द्या ना, भाऊ. माणूस मोठा होता. कुणाचं काय जातं?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दादांनी त्याला काय सांगितलं होतं, तेही मी ऐकलं होतं. उठलो आणि जसं घडलं तसं सांगितलं. चिठ्ठी नाकारली, नाव आठवलं नाही, माईक पुढे केला. मी दुसऱ्या माणसाला बोलावून ठेवलं होतं, हेही सांगितलं.  मग मागून कंपनीतले त्यांचे जुने सहकारी, स्वतः ऐंशीच्या पुढचे, काठीवर उठले.

"राव, आयुष्यभर ह्यानं आमचे पीस लाल ठिपका मारून परत पाठवले. ह्याचा एकच पीस चुकला, आन् तोबी पास झाला."

लोक हसले. मयताच्या कार्यक्रमात हसावं की नाही या विचाराने काही थांबले आणि पुन्हा हसले.

घरी येताना गाडीत मुलगी पुढे बसली होती. तिची समजूत काढावी म्हणून मी काही बोलायला लागलो, तर ती म्हणाली की तिला ते स्टेजवरच कळलं होतं.

"त्यांची नजर बघितली ना मी. म्हणून तर नाव सावकाश सांगितलं. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून."

घरी पोचल्यावर मी ते चित्रीकरण पुन्हा लावलं. वधूच्या प्रतिज्ञाही पाच असतात आणि प्रत्येकीआधी तिचं नाव घ्यायचं असतं. दादा ते पाच वेळा घेतात. पाचही वेळा बरोबर.