वरची पट्टी

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, अक्षर वाकडं आलं, तर माफ करा. चौथीनंतर हातातली पाटी सुटली, बाबांची पेटी आली. पुढे लिहितेय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

अकोल्यात मी घरीच मुलींना गाणं शिकवते. हे घडलं त्या वर्षी तेवीस मुली होत्या. सकाळपासून तेच सा-रे-ग-म, त्याच चुका, हाताखाली तोच भाता. डोकं भणभणायचं. कुकरची शिट्टी झाली तरी वाटायचं, कोणी बेसूर गातंय. थकले म्हणायची लाज वाटायची — बसूनच तर शिकवते, त्यात थकायचं काय?

प्रणाली तेल्हाऱ्याची. दर रविवारी आई तिला एसटीने आणायची. आई अंगणवाडीत मदतनीस; सहा महिन्यांची फी आगाऊ दिलेली. पोरीचा गळा चांगला होता. खरंच चांगला. म्हणूनच तिच्यावर जास्त मेहनत हवी होती — आणि माझ्यात ती उरली नव्हती. शनिवारपासूनच रविवार नको वाटायचा.

एका रविवारी आईने विचारलं, "बाई, खरं सांगा. इचा गळा चालते का? नाई तं कावून येरझारा करा?"

मला सुटायची वाट दिसली. म्हटलं, तुम्हीच ऐका.

तिची पट्टी काळी चार — पेटीच्या त्या सुरावर तिचा गळा मोकळा लागायचा. मी गुपचूप तिच्यापेक्षा बरीच वरची काळी एक धरली. उंच लागलं असेल तिला, पण तिच्या लेखी बाईंनी दिला तो सूर बरोबरच, नाही का? अंतऱ्याला आवाज फाटला. पुन्हा गा, म्हटलं. पुन्हा फाटला. तिने पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही — स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"नाही चालत," मी म्हणाले.

"ऊठ माय, बाईच्या पाया पड," आई पोरीला म्हणाली.

पोरगी पाया पडली. उरलेल्या चार महिन्यांची फी आईने मागितली नाही, मी दिली नाही. त्या दुपारी मला गाढ झोप लागली — तेही लिहायलाच हवं.

नऊ वर्षं झाली. परवा तेल्हाऱ्याला गेले. चार महिन्यांचे पैसे आईच्या हातावर ठेवले.

"आमी तं इसरलो बी होतो," ती हसली.

प्रणालीने चहा आणला. गातेस का गं, मी विचारलं.

"मले कुठी गाता येते, बाई? तुमीच तं सांगतलं होतं."

पट्टीचं ओठांवर आलं होतं. चहा संपवला, उठले.

पैसे पूर्ण फिटले.