बाभळीवरून वेचलेली बैठक

त्या हिवाळ्यात हिवरखेडात धड गादी म्हणून एकाही घरी उरली नव्हती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती, तिथला कापूस अडला होता आणि विलायतेतल्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. दलाल घोड्यांवरून शिवारात फिरत. शेतातला कापूस संपला तसे ते घरांत डोकावू लागले, आणि लोकांनी हसतहसत गाद्या, लोड, तक्के उसवून दिले. पौष महिना आला तेव्हा गावातले शेतकरी बोटांत नव्या अंगठ्या घालून कडब्यावर कुडकुडत झोपत होते.

गादी उसवण्यात सूर्यभान सगळ्यांच्या पुढे होता. "अवं, थंडी काय, येते आन जाते," तो बायकोला म्हणाला होता. "असा भाव पुन्हा येनार हाय का?"

"मंग आता त्या भावालेच पांघरा," मनकर्णा म्हणाली आणि घोंगडीचा मोठा भाग आपल्याकडे ओढून घेतला.

मनकर्णेचा बाप सातपुड्याच्या घाटातून बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहायचा. वाटेत गोणी फाटली की सगळी कमाई मागे सांडत यायची. म्हणून त्याने पोरीच्या हातात दाभण दिलं, तेव्हा तिला ते नीट पेलतही नव्हतं. पुढे लग्न होऊन ती हिवरखेडला आली. घराबाहेर पडणारी प्रत्येक वस्तू तिच्या टाक्याखालून जाऊ लागली. नवऱ्याच्या खांद्यावरची दोन तोंडांची पडशी, बैलांचे तोबरे, शिदोरीची थैली, वळकटी बांधायचे पट्टे. बाजारात शिवलेली पिशवी हातात आली की ती आधी उलटी करायची, आतली शिवण बघायची आणि काही न बोलता परत द्यायची. ते न बोलणं दुकानदारांना फार लागे.

तिला एकच मूल, वच्छला. ती अमरावतीला दिली होती, कोटाच्या अंबा दरवाज्याच्या आत राहणाऱ्या शेषरावाला. वच्छलाला आता सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कोणी कोणाला सांगावी लागत नाही. मनकर्णेने डिंक आणून ठेवला होता, बाजेची सुंभं नवी ओढली होती. आणि अशात अमरावतीहून परतलेल्या एका गाडीवानाने विहिणीचा, गोदाबाईंचा निरोप आणला. त्याने तो गोदाबाईंच्याच आवाजात म्हणून दाखवला.

"पोरगी धाडनार नाई म्हना! कापसाच्या गाड्यायनं रस्त्याची चाळन केली. एक आदळा बसला तं कोन जिम्मेदार? बाळंतपन इथीच हुईन."

सूर्यभान उसळला. मनकर्णेला मात्र राग धरता येईना, कारण गोदाबाई खोटं बोलत नव्हत्या. पावसाळ्यानंतर ओल्या काळ्या मातीत भरलेल्या गाड्यांनी गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या, आणि त्या आता दगडासारख्या वाळल्या होत्या. पूर्णेच्या उतारावर तर धडधाकट माणसाचे दात वाजत. पण वच्छला भित्री. लहानपणी ताप आला की आईचा पदर मुठीत घट्ट धरूनच तिला झोप लागे. पदर सोडवून घेतला की जागी होई. त्या घडीला पोर परक्या घरात असेल, हे मनकर्णेला गिळवत नव्हतं.

"तू फिकीर नको करू," सूर्यभान म्हणाला. "पैसा हाय ना! इकतच आनतो."

तो अकोल्याला गेला, जुन्या शहरातल्या बाजारात दिवसभर हिंडला आणि गाडीत घालायची एक लालभडक मखमली बैठक घेऊन आला. कडेला जरीची किनार, कोपऱ्यांना गोंडे. अंगणात ठेवून तो दोन पावलं मागे सरला. "आता बोल!"

मनकर्णा तिच्यावर बसली. बैठक कुरकुरली. तिने उठून एका कोपऱ्याची शिवण बोटाने उकलली आणि मूठभर ऐवज बाहेर काढला. ज्वारीचं कुटार होतं.

"म्हंजे अकोल्यातल्या लोकायनं बी गाद्या इकल्या," ती म्हणाली.

"दुकानदार तं म्हने विलायती माल हाय!"

"असंन. तिकडं बी बैल असतीन. त्यायच्या पुढचं उरलं ते भरलं असंन."

सूर्यभानने बैठक बैलांपुढे टाकली. त्यांनी मखमल सोडून आतलं सगळं आवडीने खाल्लं.

"मी शिवीन," मनकर्णा म्हणाली.

कापड होतं. कापूस भरायचे जाड सुती डोकडे फाटले की ती जपून ठेवायची. अडलं होतं आत भरायला. घरात मूठभर रुई नव्हती आणि दलाल ती विकत मिळू देत नव्हते. त्याच विचारात ती एका सकाळी अकोटच्या वाटेवर गेली आणि वर पाहून थांबली. वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळी होत्या. डोंगरासारख्या उंच भरलेल्या गाड्या खालून जाताना काटे डोकड्यांना ओरबाडत, आणि प्रत्येक काट्यावर पांढरा पुंजका राही. कोवळ्या उन्हात सगळ्या बाभळी मोहरल्यासारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ती पाठीला झोळी बांधून आणि हातात आकडी घेऊन वाटेवर दिसू लागली. गावचा पिंजारी कुर्बान बैलांना पाण्यावर नेत होता, तो थबकला.

"भाबी, बाभळीले कापूस कवापासून यायले लागला?"

"यंदापासून. पेरनी लोकायची, वेचनी माही."

"आन पिंजनार कोन?"

"तुमच्याशिवाय कोन? का तुमी बी पिंजन दलालाले इकलं?"

कुर्बान इतका हसला की बैल बिचकले. सगळ्या गावाने गाद्या विकल्यापासून त्याचं पिंजण खुंटीला लटकलेलं होतं. त्या दुपारी त्याने ते मनकर्णेच्या ओसरीत आणलं, त्याच्या ताणलेल्या तातीवर पहिला ठोका दिला, आणि तो गुंजणारा आवाज गल्लीभर गेला. बायका पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. त्या नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. आपल्या घरातून काय गेलं, ते त्यांना तेव्हा कळलं असावं. संध्याकाळी कुर्बान नाकापासून भुवयांपर्यंत पांढरा होऊन उठला. मनकर्णेने मजुरी विचारली तर म्हणाला, "पोरीचा पोरगा झाला की दुपटं शिवसान, त्याले बी रुई मीच पिंजीन. दुसऱ्याले बोलवसान तं पाहा."

मग ती शिवायला बसली. दुहेरी कापड, मधे रुईचा जाड थर, आणि रुई एका कोपऱ्यात जमू नये म्हणून चौकटीचौकटीने टाके. पाठीला टेकण, दोन्ही बाजूंना हातभर उंच कड. चारही कोपऱ्यांत चौपदरी पट्टे, ते गाडीच्या खुंट्यांना बांधले की बैठक फळीवर न टेकता अधांतरी राहावी. शेजारी पाण्याच्या तुंब्याचा कप्पा आणि औषधाच्या सुपारीएवढ्या गोळ्यांचा कप्पा. स्वतःसाठी तिने पडशीला दोन पट्टे लावले, म्हणजे ती पाठीवर बसेल आणि गाडीमागून चालताना दोन्ही हात मोकळे राहतील.

बैठक पहिल्यांदा बांधली त्या दिवशी ती स्वतः आत बसली आणि सूर्यभानने गाडी गावाभोवती फिरवली. पहिल्या चाकोरीलाच चूक कळली. तिने पट्टे पाळण्यासारखे मोकळे टांगले होते. गाडी डावीकडे कलली की बैठक उजव्या खुंट्यावर आदळे. देवळापाशी पोचेपर्यंत मनकर्णेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबवा! थांबवा ना अवो!"

"कावून? मजा नाई येऊन राहिली?" सूर्यभान हसू दाबत म्हणाला.

उतरून ती पारावर बसली. गाभुळलेली चिंच मागून घेतली, चघळली आणि बैठकीकडे बघत राहिली. घरी जाऊन तिने खालूनही चार पट्टे शिवले आणि ते गाडीच्या तळाला ओढून बांधले.

"म्हशीले वेसन घालावी तसं केलंस," सूर्यभान म्हणाला.

"वेसन नसली तं म्हैस कुठीबी जाते." ती पुन्हा आत बसली. या वेळी गाडी आदळली, बैठक जराशी खाली गेली, जराशी वर आली आणि थांबली.

अमरावतीला पोचल्यावर गोदाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. बाई अंगाने भरल्या, बोलण्याने धारदार.

"झुला आनला का इहीनबाई? माही सून जत्रेले नाई चालली."

"बसून तं पाहा."

"मी?"

"तुमाले सोसलं तं तिले सोसनच."

शेषराव पागोटं सारखं करायच्या निमित्ताने तोंड फिरवून हसला. दाराआड वच्छला उभी होती, एक हात पोटावर. गोदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मनकर्णेकडे, आणि कमरेचा अडकित्ता काढला.

"बरं. मी आत बसून सुपारी कातरीन. गाडी अंबा दरवाज्याबाहेर, कापसाच्या वाटेनं चालवा. बोट कापलं तं पोरगी इथीच राहीन. मंग बोलाचं नाई."

"नाई बोलनार," मनकर्णा म्हणाली.

सूर्यभानने आयुष्यात इतकी हळू गाडी हाकली नव्हती. गोदाबाई ओरडल्या, "तुमी काय वरात काढून राहिले? रोजच्यासारखी चालवा!" मनकर्णा बाजूने चालत होती आणि तिला फक्त ते पातं दिसत होतं. कट्. कट्. पुढे वाट दोन खोल चाकोऱ्यांत फुटली होती. डावं चाक धाडकन खाली गेलं. सूर्यभान जागेवरून उडाला, त्याची जीभ चावली गेली. वरचे पट्टे ताठ झाले, खालचेही. बैठक हलकेच खाली दबली आणि वर आली.

कट्. सुपारीचा पातळ काप गोदाबाईंच्या ओटीत पडला.

त्यांनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "पुढं घ्या," म्हणाल्या.

"किती पुढं?" सूर्यभानने जीभ सावरत विचारलं.

"मी सांगीन तवा थांबा."

घरी परतल्यावरही त्या उतरेनात. शेषराव म्हणाला, "माय, उतर ना आता."

"थांब रे. लगनापासून गाडीत बसून राहिली मी, कंबर दुखली नाई अशी ही पयलीच खेप." मग त्या उतरल्या, पदर खोचला आणि मनकर्णेपुढे उभ्या राहिल्या. "घेऊन जा. पन वापस बी याच्यातच आनाची. आन बाळ सव्वा महिन्याचं झालं की धाडाचं, लाड करत बसाचं नाई."

"धाडतो ना," सूर्यभान म्हणाला.

"तुमाले नाई इचारलं," गोदाबाई म्हणाल्या.

वच्छला बैठकीपाशी आली. कडेवरून तिने हात फिरवला, टाक्यांवर बोट थांबवलं, आणि कोणी सांगायच्या आत आत चढून बसली.

निघाल्यावर पूर्णेच्या उतारावर समोरून रिकाम्या गाड्यांची रांग आली. पुढचा गाडीवान लांबूनच ओरडला, "कावो, आत काय भरलं? कापूस का?"

उभ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारा सूर्यभान मागे वळला. वच्छलाची मान टेकणीवर कलली होती, तोंड जरासं उघडं होतं. गाडी खालच्या दगडांवर खडखडत होती, आणि ती झोपली होती. मनकर्णा बाजूने चालत होती. तिचा पदर वच्छलाच्या मुठीत होता.

"हळू बोल बाप्पा," सूर्यभान कुजबुजला आणि बैलांना आवाज न करता नदीत उतरवलं.