जखमेतली विभूती

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यांच्या पायाची पट्टी सोडली. करंगळीखाली रुपयाएवढी जखम. यांना शुगर, त्यात एमआयडीसीत दिवसभर मागावर उभं राहायचं. तळव्यात खिळा घुसला तरी कळलं नव्हतं. दुखत नाही म्हणून हे खुशाल, आणि मी मेले काळजीनं. "हे नवं जेल लागू पडलं तर ठीक," बाई म्हणाल्या, "नाहीतर पाय कापावा लागेल." पुढचं मी ऐकलंच नाही.

जेल म्हणजे काय, गारगार जेलीचा तुकडा. रोज सकाळी मी जखम धुऊन तो वर ठेवायचा, काळ्या फडक्यानं झाकायचा, आणि दवाखान्यात बाईंनी त्यावर दिव्याचा निळा उजेड सोडायचा. उजेड पडला की त्यातलं औषध जागं होतं आणि जंतू मारतं म्हणे. मला काही पटेना. अहो, दिव्यानं कधी जखम भरते का?

चौथ्या दिवशी जखमेला वास आला. देवघरातली विभूती यांच्या कपाळाला लावली, आणि भीतीच्या भरात एक चिमूट जखमेतही दाबली. वर जेल ठेवलं. हे नुसते बघत राहिले.

दवाखान्यात बाईंनी फडकं काढलं. "ही राख कसली? हिच्याखाली उजेड पोचणार कसा? जंतू तसेच राहिले ना! कुणी लावली?"

सांगायचं होतं हो, पण तोंडच उघडेना.

"मी लावलो," हे म्हणाले.

बाई यांना नाही नाही ते बोलल्या. मी मागं लागल्याशिवाय कपाळालासुद्धा विभूती न लावणारा माणूस, मान खाली घालून सगळं ऐकत होता.

रिक्षात मला रडू आवरेना. "गप की," हे म्हणाले. "पाय गेलाच तर आमच्या लोकांनी तुला जन्मभर बोलायला नको."

पुढचा महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. करंगळी गेली, पाय वाचला. सणाला सगळे जमले की धाकटा दीर यांना हमखास चिडवतो, "जखमेत विभूती! लई शाना हायस बग दादा तू." हे हसतात. मी आमटी वाढत असते, आणि अजून गप्पच असते.