लाल स्क्रीनचा संशय

"लालवर कुनाला बसवू नका," काकू दारातूनच म्हणायच्या.

काशीमीऱ्यात एका गोदामाच्या वर आमचं सराव परीक्षेचं केंद्र आहे. नोकरभरतीची तयारी करणारी मुलं इथे कॉम्प्युटरवर पेपर सोडवतात. प्रश्नांचे चार सेट. कोण कोणता सोडवतोय ते लांबूनच कळावं म्हणून मालकांनी प्रत्येक सेटच्या स्क्रीनला वेगळा रंग दिला होता. मी मशीन सांभाळायचो. मुर्ध्याहून येणाऱ्या काकू परीक्षा चालू असताना मुलांवर लक्ष ठेवायच्या.

"काकू, लाल सेटही तितकाच सोपा आहे," मी सांगायचो.

"सेटचं बोलत न्हाय मी. लाल दिसलं की पोरांना आधीच चुकल्यासारखं वाटतं. शाळेत फुली कसल्या पेनानं मारतात?"

त्यांचा कुणावरच भरवसा नव्हता. मी दिलेला चहासुद्धा वास घेऊन प्यायच्या. माझाही त्यांच्यावर नव्हता.

एका रविवारी पेपर चालू असताना काकू चौक गावाहून येणाऱ्या एका मुलीच्या मशीनवर वाकल्या. माउस त्यांच्या हातात होता. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हालाही वाटलं असतं, उत्तरं सांगतायत. मी तडक मालकांना बोलावून आणलं.

"उत्तर न्हाय सांगितलं. रंग पांढरा केला," काकू म्हणाल्या. "रडायला आली होती ती. तपासा."

मी तपासलं. खरंच, फक्त रंग बदलला होता. उत्तरं सगळी मुलीचीच. तसं मी मालकांना सांगितलं.

"आज रंग बदलला, उद्या मार्क बदलतील," मालक काकूंना म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्ड पुसत राहिलो.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी लाल स्क्रीनसमोर बसलो. शेकडेवारीच्या साध्या गणितात दोनदा चुकलो. रंगामुळे की मनात काकू होत्या म्हणून, अजून ठरवता आलेलं नाही. पण आठवडाभरात मालकांच्या मागे लागून सगळ्या स्क्रीन फिकट राखाडी करून घेतल्या. सेटचा नंबर आता कोपऱ्यात दिसतो.

महिन्याभराने काकू बस स्टॉपवर भेटल्या. मी घाईघाईने ती बातमी दिली.

"कुनी सांगितलं तुला, रंग बदलायला?"

"तुम्हीच की, काकू."

हसतील असं वाटलं होतं.

"मग तवा का गप बसलास?"

बस आली. मी त्यांची जड पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती छातीशी घट्ट धरली आणि एकट्याच वर चढल्या.