पडद्यांची सळसळ

मी ऑपेरा बसवते, त्याचं नेपथ्य आणि वेशभूषाही करते. आई शेजारणींना सांगते, पोरगी परदेशी संगीत नाटकं करते. आणि ते काही खोटं नाही. मी शिकले ती संगीत नाटकांतच, सुरतेत, आमच्या मराठी मंडळाच्या बाईंच्या हाताखाली. बाई बँकेत नोकरी करायच्या आणि दरवर्षी मंडळाचं एक नाटक बसवायच्या. मी गोडादऱ्याची, म्हणजे सुरतेतल्या कामगारवस्तीतली; वडील लूमवर, यंत्रमागावर, कारागीर. कॉलेजात असताना बाईंनी एका नाटकाचं नेपथ्य माझ्यावर सोपवलं आणि मला आकाश ठेंगणं झालं.

राजवाडा उभा करायचा होता. सुरतेत कापडाला काय तोटा? वडिलांच्या ओळखीने जवळच्या पलसाण्याच्या मिलमधून डागी, पण चकाकणारे तागे मिळाले. मी वरपासून खालपर्यंत पडदेच पडदे सोडले. दृष्ट लागावी असा राजवाडा झाला. रंगीत तालमीत नायिकेने हळू आवाजात पद सुरू केलं आणि पंख्याच्या वाऱ्याने ते कडक कापड सळसळायला लागलं. ती वैतागून थांबली. मला मात्र काय बिघडलं तेच कळेना, कारण सळसळ मला ऐकूच आली नव्हती. आमच्या घराच्या भिंतीला लागून लूमचं खातं, म्हणजे मागांची शेड होती. त्या खडखडाटात आम्ही जेवायचो, अभ्यास करायचो, झोपायचो. बारीक आवाजांना कानात जागाच उरली नव्हती.

मंडळाचे लोक म्हणाले, हिला काढा, मुंबईहून जाणकार माणूस आणा. आमच्या मंडळाला मुंबईचं पाणीसुद्धा गोड लागायचं. मी पिशवी उचलून निघाले, तर बाईंनी अडवलं.

"पडदे बदलायचेत. तू कुठं निघालीस?"

मग बँकेतून आल्यावर बाई मला आपल्या घरी नुसतं बसवून ठेवायच्या आणि विचारायच्या, काय ऐकलंस? मी म्हणायचे, काही नाही. त्या पुन्हा बसवायच्या. मला राग यायचा. पण हळूहळू नळाची टिपटिप, कुकरच्या शिटीआधीची फुसफुस, शेजारच्या घरातला झाडू ऐकू येऊ लागला. पडदे मी मऊ सुती कापडाचे केले. प्रयोगात तेच पद आलं, आणि आलापाआधी नायिकेने घेतलेला श्वास मला विंगेत ऐकू आला. अंगावर काटा आला. आजही मी आधी गायक उभा करते, मग कापडाला हात घालते. हे सगळं बाईंचं देणं आहे आणि मी ते मिरवत सांगते.

त्यानंतर बाईंनी नाटक बसवलं नाही. थकल्या असतील, असं मी धरून चालले होते. परवा ती नायिका भेटली. तिच्याकडून कळलं की माझ्यासाठी बाई मंडळाशी भांडल्या होत्या, आणि पुढे मंडळाने त्यांना कधी नाटक दिलंच नाही.

मी तशीच रिक्षा करून बाईंकडे गेले. मला का सांगितलं नाहीत, म्हणून त्यांच्यावरच चिडले. त्या पापडीच्या शेंगा सोलत होत्या.

"माझी नाटकं करून झाली होती गं," त्या म्हणाल्या. "तुझं पहिलंच होतं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.