हाकेला न वळलेली मान

टीव्ही मी पहिल्यांदा पाहिला तो उभ्यानं, हातात उलथणं घेऊन, दाराच्या चौकटीतून. सत्तर सालानंतरची गोष्ट. नणंद मुंबईला बाळंत झाली होती आणि तिचं करायला मला धाडलं होतं. धाडलं म्हणजे काय, पार्सलच केलं. मी मॅट्रिक पास होते, पण सासरी माझ्या मॅट्रिकचा उपयोग एवढाच, की खताच्या पोत्यावर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायची.

नणंदेच्या चाळीत समोरच्या शेजाऱ्यांच्या खोलीत टीव्ही होता. संध्याकाळी सगळा मजला तिथं गोळा व्हायचा. नंदोई, म्हणजे नणंदेचा नवरा, पुढंच बसलेले असायचे, म्हणून मी जायचं नाही. आमच्यात सून नंदोयासमोर बसत नाही. तेव्हा मी आमच्याच दारात उभी, पाठीमागं स्टोव्ह फरफरतोय आणि समोर, एवढ्या सगळ्या डोक्यांच्या वरून, ते निळसर चित्र.

एका संध्याकाळी गाणं लागलं. एक गवई तंबोऱ्यावर आलाप घेत होता आणि त्याच्यापुढं एक बाई नाचत होती. नाचत कसली, उभी होती. साधं सुती लुगडं, पायात चाळ नाहीत, अंगावर दागिना नाही. पाय जागचे हलेनात. नुसते हात चालले होते. पीठ मळल्यासारखे, सुपात धान्य पाखडल्यासारखे, पदर सारखा केल्यासारखे. आणि दर वेळी काम अर्ध्यात असताना तिला कुठून तरी हाक यायची. हाक ऐकू येत नव्हती हो, पण तिची मान झटकन वळायची, हात तिथल्या तिथं थांबायचे, आणि त्याच ठिकाणी गवई आपला आलाप तोडायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा हाक, पुन्हा मान.

समोरच्या खोलीत हसाहशी चालली होती. "हिला नाच शिकवायचा राहिला वाटतं," एक जण म्हणाला. दुसऱ्यानं उठून एरियल हलवून पाहिलं, जणू एरियलमध्ये अडकलेला नाच खाली पडणार होता! माझ्या अंगावर मात्र काटा आला. ती मान माझी होती. सासूच्या हाकेला, सासऱ्याच्या खोकल्याला, नवऱ्याच्या "अवो"ला दिवसातून शंभरदा वळणारी मान कुणी तरी मुंबईत बसून पाहिली होती आणि तिच्यावर गाणं बसवलं होतं. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम. अहाहा, काय बाई होती ती!

मग आलाप चढत गेला. तिचे हात भराभर चालायला लागले. मला वाटलं, आता हाक येणार आणि ही वळणार नाही. का वळेल? मी श्वास धरून उभी. तेवढ्यात आतून नणंद ओरडली, "वयनी, तवा जळून राह्यला ना!"

माझी मान वळली. पोळी काढून परत आले तोवर तिथं शेतीचा कार्यक्रम लागला होता आणि एक माणूस फवाऱ्याचं नळकांडं दाखवत होता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल.

गावी परत आले ते त्या तुटलेल्या नाचासकट. आमचं गाव मंगरूळपीरहून कारंजाला जाणाऱ्या रस्त्यावर. घरात सासू, सासरे, नवरा आणि मी. सासूशी माझं फारसं पटायचं नाही. ती कडक आणि मी तोंडाळ. पण एक गोष्ट मी पाहिली होती. कारंजाची बस गेली की ती हातातलं काम थांबवून रस्त्याकडं बघायची. तिचं माहेर तिकडं, धनजला. कुठल्याशा लग्नात सासऱ्यांना मानाचा शेला द्यायचा राहिला, त्यावरून त्यांनी तिचं माहेर तोडलं, ते तोडलंच. तिची आई तिकडं अंथरुणाला खिळली होती आणि ही इकडं बस बघत होती. सासऱ्यांपुढं तो विषय काढायची छाती कुणाची नव्हती.

माझीही एक गोष्ट त्यांच्याच हातात अडकली होती. गावात बालवाडी निघणार होती. ग्रामसेविका घरी येऊन म्हणाली, "तुमची सून मॅट्रिक आहे, तिला घेते." सासरे म्हणाले, "दसरा होऊ द्या, पाहू." मी रोज डोळ्यांपुढं त्या बालवाडीतली पोरं आणून त्यांना मनातल्या मनात गाणी शिकवायची. त्या घरातून दिवसाचे चार तास बाहेर पडायचा तेवढा एकच रस्ता होता.

ते भुलाबाईचे दिवस होते. महिनाभर संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणायच्या, मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायच्या. सुनेनं गायचं नाही, खिरापत तेवढी करायची. त्या दिवशी आमच्या अंगणात पोरी जमल्या. सासू मागच्या वाड्यात गाईची धार काढत होती, सासरे शेतातून यायचे होते. मुंबईच्या नाचाचं मी त्यांना सांगून बसले होते. पोरी मागंच लागल्या, "वयनी, टीव्हीतला नाच दाखवा ना वो!"

मी डबा खाली ठेवला आणि उभी राहिले. गवई मीच, नाचणारी मीच. पीठ मळलं, धान्य पाखडलं, मान वळवली, आलाप तोडला. पोरी आधी खिदळल्या, मग गप्प झाल्या. मी चढत चढत त्या जागेवर आले, जिथून पुढचं मला ठाऊक नव्हतं. आणि नेमकी तिथंच मागून दुधाचं भांडं मागणारी सासूची हाक आली. "अवो! गंज आण ना दुधाचा!"

मी ऐकलं. शपथेवर सांगते, चांगलं ऐकलं. आणि मान वळवली नाही. पुन्हा हाक आली. वळले नाही. डोक्यावरचा पदर खाली पडला, तो उचलला नाही. सासू धार सोडून अंगणात येऊन माझे हात बघत राहिली, तरी मी थांबले नाही. माझा आलाप पुरा होत होता, पहिल्यांदा.

शेजारची म्हातारी कुडावरून बघत होती. ती किंचाळली, "अवो माय! हिच्या आंगात आलं वो! सासू हाका मारून राह्यली अन् पोरगी वयून पायत नाही!"

झालं! सुनेला सासूची हाक ऐकू येत नाही म्हणजे देवी आल्याशिवाय कशी? बाया धावल्या. कुणी पायावर पाणी घातलं, कुणी कपाळभर कुंकू फासलं. मी "अवो, नाही, हा नाच आहे" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात सासरे फाटकातून आत आले. त्यांनी पाहिलं, वहाणा काढल्या आणि माझ्यापुढं हात जोडले. ज्या माणसासमोर मी दोन वर्षांत मान वर केली नव्हती, तो म्हणाला, "बोल माय. काय पाह्यजे?"

बालवाडी! माझ्या जिभेवर आलेलंच होतं. सुनेला बालवाडीत जाऊ दे. देवीचा शब्द ते मोडणार नव्हते.

तेवढ्यात सासूनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. पाय ओले झाले. खालूनच ती म्हणाली, "माय, मायी बुढी जाऊन राह्यली वो. एकडाव तिचं तोंड पाहू दे." सगळ्यांनी ऐकलं. सासऱ्यांनी मान फिरवली.

दोन्ही मागितलं असतं, तर म्हातारा ओळखून चुकला असता. देवी माहेरचं बोलेल, बालवाडीचं कशी बोलेल? तोंड एकच होतं. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "हिले धनजले धाड. सकायच्या गाडीनं."

सकाळी सासऱ्यांनी स्वतः तिला बसमध्ये बसवलं. आईचं शेवटचं करणं तिच्या हातून झालं. इकडं दसरा झाला, ग्रामसेविका आली. सासरे म्हणाले, "आमच्या सुनेच्या आंगात येते, लेकरांत कशी धाडू?" बालवाडी दुसऱ्या घरची सून चालवायला लागली. आणि माझ्या दारात मंगळवारी लिंबं घेऊन बाया यायला लागल्या. आधी मी नुसती सून होते, सुनेला निदान भाजी-माळवं आणायला तरी जाता येत होतं. देवी झाल्यावर तेही गेलं. कितीकदा वाटलं, ओरडून सांगावं. पण सांगितलं असतं, तर सासूचं धनज पुन्हा बंद झालं असतं. मी दात आवळून लिंबं घेतली. पोरांची गाणी मी फार वर्षं मनातच म्हटली.

पुढं सासरे गेले, आम्ही वाशीमला राहायला आलो, घरात टीव्ही आला. एका संध्याकाळी मी आणि सासू दोघीच पुढं बसलो होतो. गाणं लागलं. तीच बाई, तोच गवई. पीठ मळलं, धान्य पाखडलं, मान वळली. सासू आता पार थकली होती, पण डोळा शाबूत होता. तिनं एकदा टीव्हीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"म्हंजे," ती म्हणाली, "मले माहेरी तूनं धाडलं."

"हो, आत्याबाई."

"मंग सोतासाठी काहून नाही मागतलं वो?"

टीव्हीत आलाप चढत होता, तिचे हात भराभर चालले होते. आतून नवऱ्याची हाक आली, "अवो, चाय झाली काय?" माझी मान वळली, मी उठायला लागले. सासूनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात केवढी ताकद!

"बस वो," ती म्हणाली. "संपू दे तिचं."