खिचडीच्या शेडमधलं ध्यान

"मॅडम, ही शाळा बघितलीत का? एकही दिवस गॅप नाही! फँटास्टिक!"

फोनवर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर होते. ते पुण्यात बसतात, वयाने माझ्या भाच्याएवढे आहेत, आणि रोज त्यांना काहीतरी फँटास्टिक सापडतं. मी मेहकरच्या बसस्टँडवर उभी होते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात कंडक्टरची आरोळी. मी नुसतं "हो सर" म्हटलं आणि बसमध्ये बसल्यावर मोबाइलवर आकडे उघडले.

मी समुपदेशक आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर लोकांचं ऐकून घेण्याचा मला पगार मिळतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये आमच्या संस्थेचं एक काम चालू आहे. शाळेतल्या कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून त्यांच्या मोबाइलवर ध्यानाचं एक ॲप टाकून द्यायचं. बटण दाबलं की एक बाई शांत आवाजात सांगते, डोळे हलकेच मिटा, श्वास आत घ्या, सोडून द्या. हे एकदा पूर्ण ऐकून झालं की त्याला आम्ही 'सेशन' म्हणतो. कोणी किती सेशन केली ते आम्हाला ऑफिसात एका पडद्यावर दिसतं, त्याला 'डॅशबोर्ड' म्हणतात. गाडीच्या काट्यासारखाच प्रकार. काटा पळतो ते दिसतं, गाडीत कोण बसलंय ते दिसत नाही.

बाकीच्या शाळांचा अनुभव मला पाठ झाला होता. पहिल्या आठवड्यात उत्साह, मग सामसूम. ॲप अधूनमधून आठवण करून देतं, "आज तुम्ही ध्यान केलेलं नाही." देऊळगाव राजाकडच्या एका गुरुजींनी ते वाचून घाबरून आमच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "सॉरी सर, नेट नव्हते. सायंकाळपर्यंत करून पाठवतो." आम्ही ऑफिसात खूप हसलो. घरी गेल्यावर मात्र मला त्याचं वाईट वाटलं. ताण घालवायला दिलेली गोष्टसुद्धा या माणसांना वरून आलेला आदेश वाटते.

आणि ही शाळा! जानेफळच्या पुढे आडवाटेला एक लहान गाव, तिथली जिल्हा परिषदेची शाळा. हेडमास्तरांसकट सगळ्या शिक्षकांची सेशन रोज मधल्या सुट्टीच्या आधी, एकाच वेळी सुरू. म्हणजे ऐन तासाला. सगळे गुरुजी एकदम डोळे मिटून बसले तर पोरं कोण सांभाळतं? जिल्हा परिषदेची पोरं मी ओळखून आहे. अशी संधी मिळाली तर ती पत्र्यावर चढतील.

मी मॅनेजरसाहेबांना परत फोन लावला. "सर, मी आधी जाऊन बघते."

"जरूर. आणि व्हिडिओ आणा. आपण सक्सेस स्टोरी करू."

दोन दिवसांनी, न कळवता गेले. वेळ साधूनच. एका वर्गातून पाढे ऐकू येत होते. दुसऱ्या वर्गात इंगळे मॅडम फळ्यावर नकाशा काढत होत्या. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे होते. माझ्या मोबाइलवर मात्र सगळ्यांची सेशन सुरू झालेली दिसत होती.

हेडमास्तर म्हस्के सर मला बघून खुर्चीतून उठलेच. पन्नाशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशाला खडूची पूड लागलेला माणूस.

"या, या मॅडम. अचानक? चहा सांगतो."

"सर, तुमचं ध्यान चालू आहे," मी मोबाइल पुढे केला. "हे बघा, तुमचं नाव."

"हाव. चालू तं आहे."

"पण तुम्ही माझ्याशी बोलताय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "चला, दाखवतोच तुम्हाले."

शाळेच्या मागे खिचडीचं पत्र्याचं शेड होतं. पहिली-दुसरीच्या वर्गाला लागूनच, मध्ये एक खिडकी, तिला झडप नाही. शेडच्या दारापाशी पोचण्याआधीच मला आमच्या ॲपमधल्या बाईचा आवाज आला. एक नाही, पाच-सहा आवाज. एक "श्वास आत घ्या" म्हणत होती तेव्हा दुसरी "सोडून द्या" म्हणत होती आणि तिसरी अजून डोळेच मिटायला सांगत होती.

आत तांदळाच्या कोठीवर एक टोपलं, टोपल्यात शाळेतल्या सगळ्यांचे मोबाइल. समोर पाटावर एक साठीकडे झुकलेली बाई डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून ताठ बसलेली. तिच्या एका हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा गुलाबी डाग होता. या सुमनमावशी. शाळेत खिचडी शिजवतात.

सरांनी हळू आवाजात खुलासा केला. वर्गात मोबाइल न्यायचा नाही हा शाळेचा नियम. म्हणून सगळ्यांचे मोबाइल मावशीच्या नजरेखाली टोपल्यात राहतात. मावशी म्हणजे शाळेतला सगळ्यात भरवशाचा माणूस. आणि ऑनलाइनचं कुठलंही काम आलं की ते सगळ्यांच्या वतीनं एकानं उरकायचं, ही त्यांची जुनी पद्धत. लिंक आली, एक जण सगळ्यांची भरतो. फोटो मागितले, एक जण सगळ्यांचे टाकतो. तसंच ध्यान आलं.

"म्हटलं मावशी बसलेल्याच असतात, तं हिरवं बटण दाबून देत जा," सर म्हणाले. "मॅडम, चुकलं असन. पण शिकवाले वेळ कवा भेटन, तुम्हीच सांगा."

मला हसू आवरेना आणि रागावताही येईना. ध्यान दुसऱ्याकडून करवून घेणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते.

आमचं बोलणं ऐकून मावशींनी डोळे उघडले. मी ओळख सांगितली. त्यांनी मला पाट दिला.

"मावशी, तुम्ही रोज हे ऐकता?"

"ऐकते न. पयले तं या बाईचा लय राग ये मले. श्वास घ्या, श्वास सोडा. अवं बाई, श्वास घेतल्याबगर मी इथवर आली काय? पण मोबाइल सोडून जाता येत नाही. मंग ऐकू लागली."

"एवढ्या सगळ्या एकदम बोलतात, मग कोणाचं ऐकता?"

मावशींनी टोपल्यातला काच तडकलेला मोबाइल दाखवला. "इंगळे मॅडमचा. एकीचंच आयकाव, नाई तं डोकं फिरते."

मग हाताच्या डागाचा विषय मीच काढला. दिवाळीच्या आधी एक दिवस वाऱ्यानं शेगडी विझली, ते कोणाच्या लक्षात आलं नाही, गॅस साचत राहिला. मावशींनी काडी ओढली आणि जाळ अंगावर आला. हात भाजला, भुवया जळाल्या. जखम भरली. पण तेव्हापासून काडी ओढायची म्हटली की हात जागच्या जागी थांबायचा, छाती धडधडायची. आमच्या भाषेत याला 'पॅनिक' म्हणतात. धोका टळलेला असतो, शरीराला ते पटलेलं नसतं.

"म्हणून गॅस मीच पेटवतो," म्हस्के सर म्हणाले. "कोणाले सांगितलं नाही."

"आता छाती नाई धडधडत," मावशी म्हणाल्या. "काडेपेटी हातात धरता येते. पण काडी ओढणं नाई झालं अजून."

मी त्यांना सांगणार होते की एवढं झालं हेच मोठं आहे, पुढचं हळूहळू होईल. तेवढ्यात दारात शेळके आले. शाळा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण काळजीत होता, आणि काळजीतला माणूस जरा कडकच बोलतो.

"सर, मले समजलं का गॅस तुमी पेटवता. उद्या तुमी मीटिंगले गेले तं लेकरं उपाशी राह्यतीन काय? माही पोरगी याच लायनीत जेवते. सुमनबाई, राग नका मानू. आज तुमी सोता पेटवून दाखवा. नाई जमलं तं उद्यापासून दुसरी बाई पाहू."

मावशींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी बी माह्याच हातची खिचडी खाल्ली. हे काम गेलं तं मी घरी बसून काय करू?"

"म्हणूनच तं म्हणतो, पेटवून दाखवा."

मी मध्ये पडले. भीती बसलेल्या माणसाला असं सगळ्यांसमोर उभं करायचं नसतं, बिघडलं तर पहिल्यापेक्षा जास्त बिघडतं, हे मी अध्यक्षांना माझ्या अनुभवानं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण हटत नव्हते. सर गडबडीनं टोपल्याकडे गेले आणि भराभरा सगळे मोबाइल बंद करून टाकले. अध्यक्षांसमोर त्यांना लाज वाटली असावी. आवाज थांबले आणि शेडमध्ये एकदम शांत झालं.

"राहू द्या मॅडम," मावशी उठल्या. "कवा ना कवा करणंच आहे."

याच गडबडीत मधल्या सुट्टीची घंटा झाली. माझ्या येण्यानं सरांचं गॅस पेटवायचं राहिलं होतं, खिचडी अजून चढलीच नव्हती. तांदूळ भिजलेला, डाळ धुतलेली, शेगडी थंड. पोरं ताटल्या घेऊन सवयीनं रांगेत येऊन उभी राहिली. त्यांच्यामागे शिक्षक आले. काय चाललंय ते सगळ्यांना एका नजरेत कळलं असावं, कारण ताटलीचासुद्धा आवाज होत नव्हता.

सरांनी गॅसची नळी तपासली, दार सताड उघडं ठेवलं आणि बाजूला झाले. मावशींनी काडेपेटी घेतली. काडी काढली, पेटीला लावली, आणि हात थांबला. कपाळावर घाम आला. त्यांनी टोपल्याकडे पाहिलं. तडकलेल्या काचेच्या मोबाइलचा पडदा काळा होता.

मी पुढे होणार होते. एवढ्यात रांगेतून एका लहान मुलीचा आवाज आला.

"डोळे हलकेच मिटा."

दुसरीतली असावी. अगदी आमच्या ॲपमधल्या बाईच्या सुरात, तसंच 'हलकेच' लांबवून, शुद्ध पुणेरी. मला वाटलं पोरगी नक्कल करतेय. पण तिचे डोळे मिटलेले होते. आणि तिच्या पाठोपाठ पहिली-दुसरीची सगळीच पोरं म्हणाली, "श्वास आत घ्या."

झडप नसलेल्या त्या खिडकीतून त्यांनी ते रोज ऐकलं होतं. पाढ्यांबरोबर तेही पाठ झालं होतं.

पहिली-दुसरीची रांग आत श्वास घेताना ऐकू आली. मग मोठी मुलंही त्यांना मिळाली. "आणि सोडून द्या," असं सगळी म्हणाली, आणि अख्ख्या रांगेनं श्वास सोडला. इंगळे मॅडमनी डोळे मिटले होते. त्यांच्या शेजारचे गुरुजी आणि म्हस्के सर, ज्यांनी आमचं ॲप डोळे मिटून एकदाही ऐकलं नव्हतं, तेही मुलांच्या मागोमाग श्वास घेत होते. अध्यक्षांची टोपी हातात आली होती आणि छाती वर-खाली होत होती. हजारदा मी लोकांना हे करायला सांगितलं असेल. इतकी माणसं एका श्वासात मी कधी पाहिली नव्हती. नकळत माझेही डोळे मिटले.

"श्वास आत घ्या."

काडी ओढल्याचा आवाज आला.

"आणि सोडून द्या."

भक्क करून शेगडी पेटली.

मी डोळे उघडले तेव्हा मावशी निळ्या जाळाकडे बघत उभ्या होत्या. काडी विझवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मग बोटाला चटका बसला तशी त्यांनी ती टाकली आणि मागे वळून रांगेवर ओरडल्या, "पाहून काय राह्यले बे? जा खेळा! खिचडीले टाइम लागन!"

पोरं पळाली. मोठी माणसं मात्र तिथंच उभी राहिली. जाळ रोजचाच होता, तरी कोणाचा पाय निघत नव्हता.

अध्यक्ष जाताना म्हणाले, "सुमनबाई, उद्या बी तुमीच या." मावशी कांदा चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता "हाव" म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले. कांद्याचं निमित्त बरं होतं.

मावशी अजून तिथंच आहेत. गॅस त्याच पेटवतात. म्हस्के सरांनी मोबाइलचं ध्यान बंद केलं. आता मधल्या सुट्टीत जेवणाच्या आधी पोरं रांगेत श्वास घेतात आणि शिक्षक रांगेच्या मागे उभे राहून त्यांच्याबरोबर घेतात. आमच्या डॅशबोर्डवर ती शाळा सगळ्यात मागे आहे. मी अहवालात खरं काय ते लिहिलं, त्यासाठी आमच्या पडद्यावर रकाना नव्हता. तेव्हापासून कुठल्याही नव्या शाळेत गेले की मी आधी खिचडीच्या शेडमध्ये जाते, मग ऑफिसात.

त्या दिवशी परतताना बसमध्येच मॅनेजरसाहेबांचा फोन आला होता.

"मॅडम, आज त्या शाळेचं एकही सेशन पूर्ण नाही! काय झालं?"

"सर, आज सगळ्यांनी केलं."

"कमाल आहे! मग निदान व्हिडिओ तरी घेतलात ना?"

"नाही सर," मी म्हटलं. "माझे डोळे मिटलेले होते."